टोपणनावे : थट्टा आणि बिरुद



मनुष्याला बहुधा दोन नावे असतात. एक बाप्तिस्म्याच्या वेळी मिळते व देवळाच्या नोंदवहीत कायमचे राहते. दुसरे लोक देतात. ते कोठेही लिहिलेले नसते, तथापि गावभर तेच चालते. पहिले नाव आईबाप निवडतात. दुसरे निवडताना मात्र ज्याचे ते नाव, त्याला कोणी विचारीत नाही. अशा नावांचा आपल्या धर्माशी व समाजाशी फार जुना संबंध आहे. तो महोत्सवाच्या निमित्ताने थोडक्यात पाहू.

प्रभू येशूने योनाचा पुत्र शिमोन यास ‘केफा’ म्हणजे खडक असे नाव दिले. शिमोनाचा स्वभाव त्या वेळी खडकासारखा मुळीच नव्हता. पुढे त्याने प्रभूला तीनदा नाकारले. परंतु प्रभूने नाव दिले ते तो कसा आहे हे पाहून नव्हे, तर तो कसा होणार हे पाहून. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव मात्र प्रथम अंत्युखियात मिळाले. ते शिष्यांनी स्वतः घेतले नसून बाहेरच्या लोकांनी दिले, असे मानतात. ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावे लागले तर लाज वाटू देऊ नये, असे पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितले आहे. यावरून त्या नावापायी तेव्हा काय सोसावे लागे, हे दिसते. आज तेच नाव आपण अभिमानाने सांगतो.

तेराव्या शतकात संत थोमस अक्वायनस विद्यार्थी असताना अंगाने स्थूल व बोलण्यात अबोल होते. म्हणून सोबती त्यांना ‘मुका बैल’ म्हणत. या बैलाचे हंबरणे एके दिवशी साऱ्या जगाला ऐकू येईल, असे त्यांचे गुरू संत आल्बर्ट म्हणाल्याचे सांगतात. 1567 साली पोपमहाशयांनी त्याच थोमसांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून गौरविले.

आता आपल्या प्रांताकडे वळू. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली व 1739 साली ती मराठ्यांनी जिंकली. राज्य गेले, पण येथील ख्रिस्ती लोकांना चिकटलेले ‘पोर्तुगीज’ हे नाव इंग्रजी अमलातही राहिले. ज्यांची बोली मराठी, ज्यांची शेते व विहिरी याच मातीत, त्यांना स्वतःच्या भूमीत परक्याचे नाव लागावे, हे शल्य लहान नव्हते. शिवाय गोव्याहून मुंबईस आलेल्या पोर्तुगीज प्रजाजनांशी त्यांची गल्लत होई व नोकरीच्या बाबतीत नुकसान होई. म्हणून 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, मुंबई व साष्टी भागातील पुढाऱ्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. वस्ती पश्चिम किनाऱ्यावर आणि नाव पूर्वेचे, याचे कोणास हसू येईल; परंतु परक्यांनी लावलेले नाव टाकून आपण निवडलेले नाव घेण्यात त्या समाजाचा स्वाभिमान होता.

वसईकडे ‘कुपारी’ हे नाव आहे. मुलाचा बाप व त्याचा धर्मपिता एकमेकांना ज्या पोर्तुगीज शब्दाने हाक मारीत, त्या ‘कोंपाद्रे’पासून ते आले. बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ जुळलेले नाते साऱ्या समाजाचे नाव झाले, याहून गोड टोपणनाव कोणते असेल?

आपल्या गावांत डिसोजा, परेरा, लोपीस अशी एकाच आडनावाची अनेक घरे असतात. तेव्हा पूर्वजाच्या नावाने, धंद्याने किंवा घराच्या जागेवरून पडलेले नावच घर ओळखू देते. अशा नावात पिढ्यांची आठवण असते. ते लोपू देऊ नये. परंतु एखाद्याच्या लंगड्या पायावर, काळ्या वर्णावर किंवा गरिबीवर ठेवलेले नाव निराळे. हाक मारणारा ते हसत उच्चारतो. ज्याला ते लागते तो वरवर हसतो व मनात झुरतो, आणि पुढे त्याच्या मुलाबाळांनाही तेच ऐकावे लागते.

म्हणून कोणास नाव ठेवण्यापूर्वी प्रभूची रीत आठवावी. त्याने शिमोनाच्या उणिवेवर बोट ठेवले नाही. त्याला खडक म्हटले आणि शेवटी तो खडक झाला.