केप कीं महाबळेश्वर?

विश्रांतीसाठीं घर स्वदेशीं करावें कीं परदेशीं, हा प्रश्न बहुधा हौसेचा मानला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यांतील इंग्रज नोकरांपुढें तो उभा राहिला, तेव्हां मात्र तो जीव वांचविण्याचा प्रश्न होता. हिवताप, संग्रहणी आणि यकृताचे विकार यांनीं खंगलेल्या माणसास वैद्य हवापालट सांगत. पण त्यासाठीं जावें कोठें?

विलायत हें त्यांचें खरें घर. परंतु शिडाच्या जहाजानें तेथें पोहोंचावयास कित्येक महिने लागत. शिवाय युरोपच्या रजेवर जाणाऱ्यास भत्ते, आणि बहुधा हातची जागाही, सोडावी लागे. आफ्रिकेच्या दक्षिणेकडील केप ऑफ गुड होप हा मुलूख कंपनीच्या सनदेच्या हद्दींत मोडत असे. त्यामुळें तेथें प्रकृतीसाठीं जाणाऱ्याचें हें नुकसान बऱ्याच अंशीं टळे. १८०६ सालीं इंग्रजांनीं केप डचांकडून दुसऱ्यांदा जिंकून घेतलें. त्यानंतर केपटाउन आणि जवळचें वायनबर्ग येथें हिंदुस्थानांतून आलेल्या इंग्रज आजाऱ्यांचा राबता वाढला. तें ना त्यांचें घर, ना त्यांच्या नोकरीचा देश. पण पगाराच्या नियमानें तें सोयीचें ठरविलें होतें.

तथापि ही सोय अधिकाऱ्यांपुरतीच होती. साध्या गोऱ्या शिपायास कोण केपला धाडणार? यास्तव थंड हवेची जागा जवळच शोधणें भाग पडलें. निलगिरीवर जॉन सुलिव्हन यानें १८२२ सालीं उटकमंड येथें घर बांधावयास घेतलें. इकडे साताऱ्यास असलेला लॉडविक नांवाचा लष्करी अधिकारी १८२४ सालीं महाबळेश्वराच्या डोंगरावर चढला व तेथील हवेचे गुण त्यानें लोकांपुढें मांडले. साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांच्या आग्रहावरून छत्रपति प्रतापसिंह महाराजांनीं साताऱ्याहून वरपर्यंत रस्ता करविला. १८२८ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं तेथें आजारी गोऱ्या शिपायांसाठीं प्रयोगादाखल इस्पितळ घातलें. पुढल्याच वर्षीं तह होऊन महाराजांनीं डोंगरावरील ती जागा कंपनीस दिली, आणि तिच्या मोबदल्यांत त्यांस वाई प्रांतांतील खंडाळा हें गांव मिळालें. नव्या वसाहतीस माल्कमपेठ असें नांव पडलें.

ही भूमि ओसाड नव्हती. कृष्णेच्या उगमाचें हें क्षेत्र. पंचगंगेच्या देवळांत यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या येत होते. त्यांना ती तीर्थभूमि होती. इंग्रजांना मात्र तेथील धुकें व गारठा पाहून मायदेश आठवे. त्यांनीं उतरत्या छपरांचे बंगले बांधले, टेंकडीच्या कड्यांना आपल्या माणसांचीं नांवें दिलीं. १८३४ सालीं तेथें तुरुंग झाला व त्यांत पूर्वेकडील चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवण्यांत आले. वसाहतीचे बरेचसे रस्ते त्यांच्याच श्रमानें तयार झाले, आणि बटाटे व विलायती भाज्या त्यांनींच पिकविल्या. एकाच्या विश्रांतीस किती जणांचे हात लागतात, हें येथें उघड दिसतें.

सुमारें ४,५०० फूट उंचीच्या या ठिकाणीं पावसाळ्यांत राहणें मात्र अवघड. जूनमध्यें बंगले झांपांनीं शाकारून लोक खालीं उतरत. म्हणजे घर जवळचें खरें, पण तें वर्षांतील कांहीं महिन्यांचेंच. तरीही त्याचा फायदा मोठा होता. दुखणेकऱ्यास समुद्र ओलांडावा लागत नसे, आणि सरकारास उन्हाळ्यांतही कारभार हांकतां येई. पुढें आगबोटी आल्या, १८६९ सालीं सुवेझचा कालवा उघडला, विलायत जवळ आली आणि हवापालटाचें ठिकाण म्हणून केपचें महत्त्व ओसरलें. महाबळेश्वराचें महत्त्व टिकलें. मुंबईच्या धनिकांचे बंगलेही तेथें उभे राहिले.

परंतु या हिशेबांत एक बाकी राहते. ज्या राजानें परक्यांना आपल्या डोंगरावर विश्रांतीची जागा दिली, त्या प्रतापसिंहांस कंपनी सरकारनें १८३९ सालीं कटाचा आरोप ठेवून पदच्युत केलें व काशीस पाठविलें. त्यांची दाद मागण्यासाठीं रंगो बापूजी विलायतेस गेले आणि तेथें वर्षानुवर्षें झगडले. तें सर्व निष्फळ झालें. १८४७ सालीं महाराज काशीसच निवर्तले, आणि पुढल्या वर्षीं साताऱ्याचें राज्य खालसा झालें. पाहुण्यांस त्या डोंगरावर दुसरें घर मिळालें; यजमानास मात्र स्वतःच्या घरीं शेवटचा श्वास घेतां आला नाहीं.