कवळी बसली, पण ताटाचं काय?

काकतीपासून निपाणीपर्यंत कुठेही विचारा, उत्तर एकच मिळतं: म्हाताऱ्या माणसाला कवळी बसवली की तो पूर्वीसारखा जेवायला लागतो. दात गेले म्हणून खाणं तुटलं, तेव्हा दात बसवले की खाणं सुधारेल, असा हा सरळ हिशेब. कर्नाटक सरकारच्या 'दंतभाग्य' योजनेत गरीब ज्येष्ठांना मोफत कवळी मिळते, आणि बेळगावला दोन दंत महाविद्यालयं आहेत. मग राहिलं काय?

या मतात तथ्य आहे, हे आधी मान्य करतो. कवळीने बोलणं स्पष्ट होतं, चेहरा भरतो, माणूस चारचौघांत, पंगतीत निःसंकोच बसतो. तंबाखू आणि मिसरीने हिरड्या पोखरलेल्या या पट्ट्यात तिची गरज मोठी आहे. प्रश्न आहे तो तिने पोषण आपोआप सुधारतं या समजुतीचा. तो समज टिकत नाही.

न्यूकॅसलमधल्या संशोधकांनी २००६ साली नवी कवळी घेतलेल्यांचे दोन गट पाहिले. एका गटाला कवळीसोबत ज्याच्या-त्याच्या सवयी बघून आहाराचा सल्ला दिला, दुसऱ्याला नुसती कवळी. चावणं सुधारल्याचं दोन्ही गटांनी सांगितलं. पण सल्ला मिळालेल्यांच्या खाण्यात फळं-भाज्या दिवसाला सरासरी २०९ ग्रॅमनी वाढल्या, इतरांच्या फक्त २६ ग्रॅमनी. चावता येणं आणि खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. महागडं इम्प्लांट बसवलं तर फरक पडेल, असं कुणी म्हणेल. मॉन्ट्रियलमध्ये झालेल्या एका चाचणीत तो फरकही आहारात दिसला नाही.

कारण उघड आहे. पूर्ण कवळीची चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकीच असते. खालची कवळी तर जिभेच्या धक्क्यानेही हलते. कारळ्याच्या चटणीचा कण किंवा पेरूची बी तिच्याखाली गेली की हिरडी सोलवटते. ज्याला एकदा असं झालं, तो त्या पदार्थाकडे पुन्हा बघत नाही. शिवाय कवळी येण्याआधी बरीच वर्षं बोळक्या तोंडाने काढलेली असतात. पेज, दूधभात, चहात बुडवलेला बटर हेच जेवण होऊन बसतं, आणि ते करून देणाऱ्या घराचीही तीच सवय होते.

'म्हाताऱ्याला मऊ द्या' हा आपला ठरलेला सल्ला इथे अपुरा पडतो. पन्नास किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ४१ ग्रॅम प्रथिनं लागतात. वीस-पंचवीस ग्रॅम तांदळाच्या वाटीभर पेजेत ती जेमतेम दोन ग्रॅम. पोट भरतं, पण दंडाचं मांस झडत जातं. मऊपणाला माझा विरोध नाही, पण मऊ काय, ते कुणीतरी सांगायला हवं. मुगाची घट्ट आमटी, मोड आलेल्या मटकीची गाळ शिजवून घोटलेली उसळ, पातळ पिठलं, अंडं, दही. भाकरी ताकात कुस्करायचीच असेल तर वर दाण्याचं बारीक कूट घालावं. वीस ग्रॅम कुटाने पाच ग्रॅम प्रथिनं वाढतात. गाजर किसून वाफवावं, पालेभाजी बारीक चिरून डाळीत शिजवावी. आपल्या रानातलं रताळं उकडून दुधात कालवता येतं. पेरूचा गर बिया गाळून द्यावा. यातल्या कशालाच कवळीची वाट बघावी लागत नाही.

आणि कवळी आली की ती वापरायला शिकवावं लागतं: पहिले काही दिवस मऊ, मग घास लहान करून दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चावायचा, पुढच्या दातांनी तोडायचं नाही. जबड्याचं हाड झिजत राहतं, म्हणून काही वर्षांनी सैल झालेली कवळी पुन्हा बसती करून घ्यावी लागते. सैल कवळी खिशात ठेवणारे, जेवताना काढून ठेवणारे आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

दवाखान्यात एवढं सांगायला वेळ कुठे, हा शेवटचा आक्षेप. कवळी बसवल्यावर रुग्णाला टोचणारी जागा घासून घ्यायला दोन-तीनदा यावंच लागतं. त्या फेऱ्यांतली दहा मिनिटं पुरेत, फक्त सोबत स्वयंपाक करणारी व्यक्ती हवी आणि बोलणं मराठीत किंवा कन्नडमध्ये, तिच्या घरात शिजणाऱ्या अन्नाचं हवं.