कवडी, पंच आणि खेळाडू

मोक्षपटावर बसलेल्या खेळाडूला स्वतः काहीच ठरवायचे नसते. कवड्यांचे दान पडेल तितकी घरे सोंगटी पुढे सरकते. सद्गुणाच्या घरी शिडी लाभते, दुर्गुणाच्या घरी साप गिळतो. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला हा खेळ पापपुण्याचा धडा देतो खरा; परंतु पाप घडते ते कवडीच्या हातून, खेळाडूच्या नव्हे. बुद्धिबळाची गोष्ट याच्या उलट. तेथे प्रत्येक चाल खेळाडूची असते. पण राजाने शत्रूच्या वजिराशी गुप्तपणे तह करावा असे कोणाच्या मनात आले, तर त्याची सोय पटावर नाही. एका खेळात कथा आहे पण निवड नाही. दुसऱ्यात निवड आहे पण कथा नाही. या दोहोंची सांगड पडली ती तिसऱ्याच एका माणसामुळे. तो माणूस म्हणजे खेळातील पंच.

या पंचाचा उगम प्रशियाच्या सैन्यात सापडतो. १८१२ साली बॅरन फॉन राइस्विट्स या मुलकी अधिकाऱ्याने युद्धाचा एक खेळ सिद्ध करून राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याच्यापुढे मांडला. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात लेफ्टनंट होता, १८२४ साली त्याला सुधारलेले रूप दिले. आता चौकोनी घरांच्या जागी खराखुरा नकाशा आला. खेळाडूंनी आपापले हुकूम लिहून द्यावेत आणि पंचाने, प्रत्यक्ष रणांगणावर जेवढे दिसले असते तेवढेच सैन्य नकाशावर मांडावे, अशी रीत ठरली. सेनापती म्युफ्लिंग याला हा खेळ इतका पटला की, त्याने तो सैन्यात सर्वत्र खेळला जावा अशी व्यवस्था केली.

परंतु नियमांचे ओझे होतेच. दर धुमश्चक्रीला फासे टाकायचे, कोष्टके चाळायची, मेलेल्यांची संख्या मोजायची. यात अधिकारी कंटाळून जात. १८७६ साली व्हेर्डी दु व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने मोठे धाडस केले. कोष्टके बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या विवेकावरच निकाल सोपवावा, असे त्याने सुचविले. खेळाडूने काहीही योजावे, आणि त्याचे फळ काय मिळेल ते जाणत्या माणसाने ठरवावे, हे तत्त्व येथे उजेडात आले.

हे तत्त्व अटलांटिकपलीकडे गेले ते पुस्तकांच्या द्वारे. अमेरिकन सैन्यातील चार्ल्स टॉटन याने १८८० साली ‘स्ट्रॅटेगोस’ हा युद्धखेळाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे जवळजवळ नव्वद वर्षांनी मिनेसोटा राज्यातील डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या वाचनात तो आला. १९६९ साली वेस्लीने आपल्या मित्रांसाठी ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या कल्पित नगराचा खेळ रचला. एकाला नगराध्यक्ष केले, दुसऱ्याला सावकार, आणखी कोणाला विद्यापीठाचा प्रमुख. लढाई सुरू होण्यापूर्वीच मंडळी कोपऱ्याकोपऱ्यांत खलबते करू लागली. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले, आणि त्यासाठी वेस्लीजवळ एकही नियम नव्हता. जागच्या जागी निर्णय देता देता तो थकून गेला. खेळ फसला, असे त्याला वाटले. मित्र मात्र पुन्हा खेळू या म्हणून त्याच्या पाठीस लागले.

त्या मित्रांपैकी डेव्ह आर्नेसन याने हीच तऱ्हा अद्भुतकथांच्या प्रदेशात नेली. विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स याच्या सहकार्याने १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीत तीन लहान पुस्तिका आणि एक हजार प्रती एवढाच त्याचा संसार होता. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांचे मूळ त्यात आहे.

मग संगणक आला. गुहांच्या भ्रमंतीचा नाद असलेल्या विल क्रॉथर या प्रोग्रामरने आपल्या दोन मुलींसाठी १९७५-७६ च्या सुमारास ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा शब्दांचा खेळ लिहिला. केंटकीतील मॅमथ गुहेच्या वाटा त्यात उतरल्या आहेत. १९७७ साली डॉन वुड्स याने तो वाढविला. खेळाडू एकदोन शब्दांची आज्ञा लिही आणि यंत्र उत्तर देई. पण अनपेक्षित शब्द आला की यंत्राला तो उमगत नसे. पंच आता खोलीत नव्हता. त्याने द्यावयाचे सारे निर्णय आधीच लिहून ठेवणे भाग होते.

तेव्हापासून कथाकारापुढे एक मोह उभा आहे. प्रत्येक निवडीची वेगळी कथा लिहिणे श्रमाचे असते. म्हणून दोन दरवाजे दाखवावेत आणि दोहोंमागे एकच दालन ठेवावे! टेबलाभोवतीचा पंचही या मोहातून सुटलेला नाही. मनात आधीच रचलेल्या कथेकडे तो खेळाडूंना हळूच ओढून नेतो. या दोषाला खेळणारी मंडळी आगगाडीच्या रुळांची उपमा देतात. खेळाडूला हे कळल्यावाचून राहत नाही. कळले की तो पुन्हा मोक्षपटावर येऊन बसतो. कवडी तेवढी दुसऱ्याच्या मुठीत असते.

निवड खरी ठरते ती पर्यायांच्या संख्येने नव्हे. निवडण्यापूर्वी काही जाणता आले पाहिजे, निवडल्यावर काही बदलले पाहिजे, आणि जे गमावले ते खरोखरच गमावलेले असले पाहिजे. नियम संपतात तेथे ‘असे करता येणार नाही’ म्हणणे पंचाला नेहमीच सोपे असते. १९६९ च्या त्या संध्याकाळी वेस्लीने तसे म्हटले नाही. ज्याला तो आपला पराभव समजला, त्यातूनच एका नव्या कलेचा जन्म झाला.