वनांतील हरितगृह वायूंची देवाणघेवाण

वनातील वनस्पती, माती व सूक्ष्मजीव आणि वातावरण यांच्यात कार्बन डायऑक्साइड, मिथेन व नायट्रस ऑक्साइड या वायूंची अखंड ये-जा चालू असते. एखादे वन सोडतो त्याहून अधिक वायू शोषून घेत असेल, तर ते त्या वायूचे 'शोषक' आणि याउलट स्थितीत 'स्रोत' ठरते. ऋतू, पाऊसमान व मानवी हस्तक्षेप यांनुसार एकाच वनाची ही भूमिका बदलू शकते.

कार्बन डायऑक्साइड

पर्णरंध्रांतून पानात शिरलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून प्रकाशसंश्लेषणाद्वारे शर्करा तयार होते. त्यातील बराचसा कार्बन वनस्पतींच्या श्वसनातून आणि पालापाचोळा कुजताना हवेत परततो. उरलेला खोड, मुळे व मातीत साठतो. वृक्षतोड व वणवे यांमुळे अनेक दशकांचा हा साठा अल्पावधीत मुक्त होतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार, २००१ ते २०१९ या काळात जगातील वनांनी दरवर्षी सरासरी १५.६ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषला, तर वृक्षतोड व वनांच्या इतर हानीमुळे ८.१ अब्ज टनांइतके उत्सर्जन झाले.

मिथेन व नायट्रस ऑक्साइड

हवा खेळती असलेल्या कोरड्या वनमातीतील जीवाणू मिथेनचे ऑक्सिडीकरण करतात. पाणथळ मातीत मात्र ऑक्सिजनच्या अभावी मिथेन तयार होतो व झाडांच्या खोडांवाटेही बाहेर पडतो. मातीतील नायट्रोजनयुक्त संयुगांवरील जीवाणूंच्या क्रियेतून नायट्रस ऑक्साइड निर्माण होतो. शंभर वर्षांच्या कालावधीत त्याची तापमानवाढीची क्षमता समान वस्तुमानाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट, तर मिथेनची सुमारे २७ पट असते.

मापन

वृक्षछत्राहून उंच मनोऱ्यांवरील उपकरणे वाऱ्याचा उभ्या दिशेतील वेग व वायूचे प्रमाण सेकंदाला अनेक वेळा नोंदवतात. या पद्धतीस 'एडी कोव्हेरिअन्स' म्हणतात. अमेरिकेतील हार्वर्ड फॉरेस्ट येथे १९९० च्या दशकाच्या आरंभापासून अशा नोंदी घेतल्या जात आहेत. मातीतून निघणारे वायू जमिनीवर ठेवलेल्या बंद कक्षांत मोजतात.

ॲमेझॉनचे उदाहरण

ब्राझीलच्या लुसियाना गात्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० ते २०१८ या काळात ॲमेझॉन खोऱ्यावरील हवेचे नमुने विमानातून गोळा केले. आगींतून निघणारा कार्बन वगळला तरीही खोऱ्याचा आग्नेय भाग कार्बनचा स्रोत असल्याचे त्यांना आढळले. तेथे वृक्षतोड अधिक असून कोरडा ऋतू अधिक उष्ण व शुष्क होत गेला आहे. त्यामुळे उभे असलेले वनही कायम शोषकच राहील, असे गृहीत धरता येत नाही.