‘ओनामाए’वरील तळटीप

१. ओनामाए : ‘नामाए’ म्हणजे नाव, ‘ओ’ हा मानाचा उपसर्ग. पंचवटीतल्या घरी आलेल्या जपानी पाहुण्यांना विद्यार्थिनी ‘वाताशी नो ओनामाए वा...’ असे स्वतःचे नाव सांगते आणि ते गालात हसतात, त्याचे कारण हेच. हा मान समोरच्याच्या नावाचा. आपले ते नुसते ‘नामाए’. अर्जात ‘मी, श्री. अमुक तमुक’ लिहिणाऱ्या आपल्या लोकांकडून ही चूक सहज होते.

साधारणपणे मूळ जपानी शब्दांना ‘ओ’ लागतो (ओमिझु : पाणी), तर चिनी वळणाच्या शब्दांना ‘गो’ (गोकाझोकु : समोरच्याच्या घरची मंडळी). ‘ओचा’ (चहा) आणि ‘ओदेन्वा’ (फोन) हे नेहमीचे अपवाद. ‘ओचा’त मानापेक्षा बोलण्यातले मार्दव अधिक, म्हणून स्वतःच्या कपातलाही ‘ओचा’च. ‘गोहान’मधला (भात, जेवण) ‘गो’ तर सुटतच नाही. नुसते ‘हान’ कुणी म्हणत नाही. रामकुंडावर वाहायच्या श्रीफळातला ‘श्री’ काढला, तर नारळ राहत नाही, नुसते फळ उरते, तसेच हे. – संपादक