गेम सुसाट पळतो, मग मोल्डचं मॉडेल का अडतं? कॅडच्या ग्राफिक्स कार्डाची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

भोसरी एमआयडीसीत माझ्या मामाचं छोटं टूलरूम आहे. प्लॅस्टिकच्या वस्तूंचे मोल्ड बनवतात. दोन व्हीएमसी मशीन, पाच माणसं आणि कोपऱ्यात काचेची एक केबिन. त्या केबिनमध्ये एकच कॉम्प्युटर. मामा त्याच्यावरच मोल्डचं थ्रीडी मॉडेल करतो, त्यातूनच टूलपाथ काढतो आणि प्रोग्राम मशीनला पाठवतो.

मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरात ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ म्हणजे मीच. मामाने विचारलं, “अरे, मोठी असेंब्ली उघडली की फिरवताना अडकतंय. ग्राफिक्स कार्ड बदलायचं म्हणतोय. कुठलं घेऊ?” मी एका मिनिटात उत्तर देऊन टाकलं. त्या बजेटमध्ये गेमला सगळ्यात जास्त एफपीएस देणारं कार्ड सांगितलं. मामाने पैसे काढले, कार्ड आलं, मी स्वतः बसवलं.

आणि मग मज्जाच! मोल्डच्या मागच्या बाजूच्या कडा पुढे दिसायला लागल्या. सेक्शन काढला की फेस लुकलुकायचा. एखाद्या कडेवर क्लिक केलं की ती निवडली जायला वेळ लागायचा. टूलपाथला आधी चाळीस मिनिटं लागायची, नव्या कार्डावरही चाळीसच. दोन दिवस मोडले आणि एका कोअरची डिलिव्हरी लांबली. मामा मला रागावला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने जुनं कार्ड परत लावलं, नवं खोक्यात भरलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाला, “ठेव तुला. तुझ्याच कामाचं आहे ते.”

मंडळी, ते वाक्य अजून टोचतं. जुनं कार्ड कागदावर कितीतरी हळू होतं, तरी तेच चाललं. असं का, हे शोधताना मी मागे मागे जात थेट १९६३ सालात पोचलो.

अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड नावाचा विद्यार्थी पीएचडी करत होता. लिंकन लॅबोरेटरीत टीएक्स-२ नावाचा मोठ्ठा कॉम्प्युटर होता. त्याच्यावर सदरलँडने ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्राम लिहिला. हातात लाइट पेन घ्यायचं, पडद्यावर टेकवायचं आणि रेघ ओढायची. पुढची गोष्ट ऐका. या दोन रेघा समांतर ठेव, या दोन सारख्या लांबीच्या ठेव, असंही त्याला सांगता यायचं. आज तुम्ही स्केचमध्ये ‘पॅरलल’ आणि ‘इक्वल’ क्लिक करता ना, ती कल्पना साठ वर्षांहून जुनी आहे.

पण तेव्हाच्या पडद्यांची एक अडचण होती. चित्र पडद्यावर टिकून राहायचं नाही, ते सतत पुन्हा पुन्हा काढावं लागायचं. रेघा वाढल्या की सगळ्या काढून होईपर्यंत पहिली विझायला लागायची आणि चित्र लुकलुकायचं. १९७०च्या दशकात टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या स्टोरेज ट्यूब टर्मिनलनी यावर उपाय काढला. एकदा काढलेली रेघ पडद्यावर तशीच राहायची. झकास! फक्त एक रेघ पुसायची असेल, तर अख्खा पडदा हिरवा चमकून कोरा व्हायचा आणि सगळं ड्रॉइंग पुन्हा काढलं जायचं. विचार करा, एक चुकलेलं भोक हलवायला दर वेळी पूर्ण ड्रॉइंगची वाट बघायची.

मग आला आजचा प्रकार, पडद्याचा प्रत्येक ठिपका मेमरीत साठवण्याचा. इथे जरा हिशेब करू. १९८१ साली आयबीएम पीसीबरोबर सीजीए कार्ड आलं. त्याचं सगळ्यात बारीक चित्र ६४० गुणिले २०० ठिपक्यांचं, म्हणजे १,२८,००० ठिपके. दोनच रंग असल्याने एका ठिपक्याला एक बिट. आठाने भागा, १६,००० बाइट झाले. आणि कार्डावर मेमरी होती बरोबर १६ केबी! तेव्हा मेमरी महाग होती, म्हणून रेघा जाड आणि दातेरी.

याच काळात १९८२ साली हर्क्युलस कार्ड आलं. ते बनवणारा व्हॅन सुवन्नुकुल मूळचा थायलंडचा. त्याला आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता आणि पीसीच्या पडद्यावर ती अक्षरं नीट उमटत नव्हती. म्हणून त्याने स्वतःच ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांचं काळं-पांढरं कार्ड बनवलं. (आपल्या पुण्याच्या सी-डॅकनेही पुढे देवनागरीसारख्या लिपींसाठी पीसीत बसवायचं ‘जिस्ट’ कार्ड काढलं, तेव्हा हे दुखणं आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे.) अक्षरांसाठी बनलेलं हर्क्युलस ड्राफ्टिंगवाल्यांनी उचललं, कारण बारीक ठिपके म्हणजे बारीक रेघा. रंग नसले तरी चालेल, रेघ स्वच्छ हवी. त्यांना काय हवं होतं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

१९८२ मध्येच ऑटोकॅड बाजारात आलं आणि साध्या पीसीवर ड्राफ्टिंग सुरू झालं. आता गंमत बघा. बाजारात वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं होती आणि प्रत्येकाशी बोलायची भाषा वेगळी. मग सॉफ्टवेअरने कार्डाशी बोलायचं कसं? त्यासाठी मध्ये एक दुभाषा लागतो, त्याला आपण ‘ड्रायव्हर’ म्हणतो. कार्ड बनवणारे खास ऑटोकॅडसाठी ड्रायव्हर लिहायचे. कार्ड तेच राहायचं, पण चांगला ड्रायव्हर टाकला की झूम आणि पॅन भराभर व्हायचं. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या दुभाष्याभोवती फिरते.

१९८४ साली आयबीएमने कॅडसारख्या कामांसाठी ‘प्रोफेशनल ग्राफिक्स कंट्रोलर’ काढला. तीन बोर्ड एकमेकांना जोडून बनवलेलं कार्ड, त्यावर स्वतःचा ८०८८ प्रोसेसर. म्हणजे पीसीत जो प्रोसेसर, तसाच आणखी एक फक्त चित्रासाठी! ६४० गुणिले ४८० ठिपके, २५६ रंग, किंमत चार हजार डॉलरच्या वर. कामाचं कार्ड आणि साधं कार्ड हे दोन रस्ते तेव्हापासूनच वेगळे दिसायला लागले होते.

तिकडे स्टॅनफर्डमध्ये जिम क्लार्क नावाचे प्राध्यापक एका चिपवर काम करत होते. नाव ‘जॉमेट्री इंजिन’. थ्रीडी वस्तू फिरवायची म्हणजे तिच्या प्रत्येक बिंदूवर गणित करावं लागतं. तेच गणित या चिपमध्ये पक्कं बसवलेलं होतं. यातून सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी उभी राहिली. त्यांची मशीन हजारो डॉलरची. मोठमोठ्या कंपन्या त्यांच्यावर डिझाइन करायच्या, आणि ‘ज्युरासिक पार्क’चे डायनासोरही त्यांच्यावरच फिरले. १९९२ साली या कंपनीने आपली चित्र काढायची भाषा सगळ्यांसाठी खुली केली. तीच ‘ओपनजीएल’. आता सॉफ्टवेअरवाल्याला प्रत्येक कार्डासाठी वेगळं लिहायला नको. फक्त कार्डवाल्याने ओपनजीएलची प्रत्येक आज्ञा नीट पाळायची.

‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा. १९९५ साली सॉलिडवर्क्स आलं आणि साध्या विंडोज मशीनवर सॉलिड मॉडेलिंग करता येऊ लागलं. लगेच १९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचं ‘वूडू’ कार्ड आलं. गेमर मंडळी वेडी झाली! पण वूडू फक्त फुलस्क्रीनवर चालायचं. खिडकीत थ्रीडी काढणं त्याला जमायचं नाही, साध्या पडद्यासाठी शेजारी दुसरं कार्ड लागायचं. ‘क्वेक’ गेमसाठी त्याला जो ओपनजीएल ड्रायव्हर होता, त्यात त्या गेमला लागतील तेवढ्याच आज्ञा होत्या. बाकीच्या गाळलेल्या.

आणखी एक भानगड म्हणजे खोली. कुठली गोष्ट पुढे आणि कुठली मागे, हे ठरवायला कार्ड प्रत्येक ठिपक्याचं अंतर आकड्यात ठेवतं. वूडूत त्याला १६ बिट होते, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. दोन फेस अगदी जवळ असले की दोघांना एकच आकडा मिळतो आणि ते लुकलुकतात. २४ बिट दिले की पायऱ्या होतात एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर. गेममध्ये भूत धावून येत असताना भिंत जराशी लुकलुकली तर कोणाला दिसतंय? पण मोल्डच्या दोन अर्ध्यांमध्ये जिथे बारीकशी फट आहे की नाही हेच बघायचं असतं, तिथे लुकलुकणं म्हणजे चुकीची माहिती.

१९९९ साली एनव्हिडियाचं ‘जीफोर्स २५६’ आलं. वस्तू फिरवण्याचं गणित आता गेमच्या कार्डातच आलं. पाठोपाठ कंपनीने कॅडवाल्यांसाठी ‘क्वाड्रो’ नावाचं कार्ड काढलं, बरंच महाग. आतली चिप मुळात तीच! हे उघड झाल्यावर हौशी लोकांनी जीफोर्सवरचे बारीक रेझिस्टर हलवून त्याला क्वाड्रो बनवलं. काहींनी तर नुसत्या सॉफ्टवेअरच्या युक्तीने तेच साधलं.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं, ही तर सरळ लूट! चिप तीच आणि पैसे जास्त. पण नंतर मामाची केबिन आठवली. गेमवाल्याला भराभर रंगवलेले त्रिकोण हवेत. मामाला लाखो बारीक रेघा, एकाच वेळी चार खिडक्या, कापलेला सेक्शन आणि अचूक निवडलेली कड हवी. दुभाषा दोघांचाही, पण त्याने मेहनत कोणाच्या भाषेवर घ्यायची? महागड्या कार्डाच्या किमतीत ती मेहनत धरलेली असते. शिवाय कॅड सॉफ्टवेअरच्या कंपन्या ठरावीक कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरची ठरावीक आवृत्ती तपासून यादी जाहीर करतात. त्यातलं कार्ड असेल आणि काही बिघडलं, तर तुमची तक्रार ऐकून घ्यायला कोणीतरी बांधील असतं. मामाचं जुनं कार्ड त्या यादीत होतं, मी आणलेलं नव्हतं. मी वेग बघितला. मामाला भरवसा हवा होता.

म्हणून ‘कामासाठी नेहमी महागडंच घ्या’ असं मी म्हणत नाही हं. आता गेमची कार्डंही खूप सुधारली आहेत. विंडोजवर ऑटोकॅड आणि इन्व्हेंटर डायरेक्टएक्स वापरतात, तीच भाषा गेमही वापरतात. त्यामुळे तिथे साधं कार्ड बऱ्याचदा छान चालतं. सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ, एनएक्स ही मंडळी मात्र ओपनजीएलवाली. तिथे यादी बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

आणि टूलपाथ? त्याचं गणित मुख्यतः प्रोसेसर करतो. ग्राफिक्स कार्ड फक्त तो पडद्यावर दाखवतं. म्हणून मामाची चाळीस मिनिटं चाळीसच राहिली. माझ्या सल्ल्यात हीच सगळ्यात मोठी चूक होती.

यंदा मामाने नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि मला पुन्हा फोन केला. खरं सांगतो, पोटात गोळा आला. या वेळी मी उत्तर दिलं नाही. केबिनमध्ये जाऊन तासभर मामाच्या शेजारी बसलो आणि विचारत गेलो. सॉफ्टवेअर कुठलं, आवृत्ती कुठली? अडतंय नक्की कधी, मॉडेल फिरवताना की टूलपाथ काढताना? सगळ्यात मोठी असेंब्ली उघड बरं. टास्क मॅनेजर उघडून ठेवला. मोल्ड फिरवला तेव्हा ग्राफिक्स कार्डाचा आलेख जेमतेम अर्ध्यावर गेला. टूलपाथ लावला तेव्हा तो तळाशी पडून राहिला आणि प्रोसेसरचा एक कोर मात्र धापा टाकत होता. कार्डाची मेमरी किती भरतेय तेही बघितलं. फोरके पडद्याचं एक चित्र ३३ एमबीच्या आसपास असतं. बाकी मेमरी मॉडेलसाठी लागते, त्यामुळे किती जीबी हवी हे असेंब्लीच्या आकारावर ठरतं. शेवटी कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय बघितला.

मग बहुतेक पैसे चांगल्या प्रोसेसरला आणि रॅमला गेले. कार्ड घेतलं मधल्या किमतीचं, पण यादीतलं. ड्रायव्हरही यादीतल्याच आवृत्तीचा टाकला आणि मामाला बजावलं, डिलिव्हरी तोंडावर असताना ड्रायव्हर अपडेट करायचा नाही.

चाळीस मिनिटांचं काम आता बरंच लवकर उरकतं. मामा एवढंच म्हणाला, “या वेळी आधी विचारलंस, बरं केलंस.”

आणि ते जुनं गेमचं कार्ड? ते अजून माझ्याच पीसीत आहे. मामा म्हणाला होता तेच खरं, ते माझ्याच कामाचं होतं.

तुमच्या वर्कशॉपमध्ये किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये कार्ड निवडताना असं काही झालं असेल, तर नक्की कळवा. आजच्यासाठी एवढंच. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!