बंदूक कोणाच्या हाती? कॅलिफोर्निया, १९६७

१/ २ मे १९६७. कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो. विधानभवनाच्या हिरवळीवर गव्हर्नर रोनाल्ड रेगन शाळकरी मुलांच्या भेटीला आले होते. त्याच सुमारास सुमारे ३० कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष भवनाच्या पायऱ्या चढून गेले. त्यांच्यापैकी अनेकांच्या हातांत भरलेल्या बंदुका होत्या. त्यांचे आमदारांना एकच सांगणे होते : शस्त्र बाळगण्याचा आमचा हक्क काढून घेऊ नका.

२/ ही माणसे ब्लॅक पँथर पक्षाची होती. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंड येथे या पक्षाची स्थापना केली. पुढे १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या ‘दलित पँथर’ने आपले नाव याच पक्षावरून घेतले. पोलिसांच्या अत्याचारापासून स्वसंरक्षण हे ओकलंडच्या पँथरांचे पहिले कार्य होते.

३/ त्या काळी कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे घेऊन फिरण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. ती लपवलेली नसावी आणि कोणावर रोखलेली नसावी, एवढेच. न्यूटन यांनी या तरतुदींचा बारकाईने अभ्यास केला होता. पोलिसांनी एखाद्या कृष्णवर्णीयाला रस्त्यात अडवले, की पँथर योग्य अंतर राखून बंदुकीसह उभे राहत आणि अडवलेल्या व्यक्तीला तिचे कायदेशीर हक्क सांगत.

४/ ओकलंड परिसराचे रिपब्लिकन आमदार डॉन मलफर्ड यांनी या गस्तीला उत्तर म्हणून विधेयक आणले. सार्वजनिक ठिकाणी भरलेली बंदूक बाळगणे त्यान्वये गुन्हा ठरणार होते. २ मे रोजी सील यांनी विधानभवनात पक्षाचे निवेदन वाचले. पोलिसी दहशत वाढत असतानाच कृष्णवर्णीयांना निःशस्त्र केले जात आहे, हा त्याचा आशय होता.

५/ पोलिसांनी बंदुका आधी काढून घेतल्या आणि नंतर परत केल्या, कारण त्या बाळगणे बेकायदा नव्हते. अटका त्यानंतर झाल्या. निदर्शनाचा परिणाम मात्र उलटा झाला. विधेयक अधिक कडक झाले, विधानभवनात शस्त्र आणण्यावरही बंदी आली आणि कायदा तत्काळ लागू करण्याचे कलम जोडले गेले. दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने संमत झालेल्या या विधेयकावर रेगन यांनी २८ जुलै १९६७ रोजी स्वाक्षरी केली. बंदूकधारकांची बलाढ्य संघटना नॅशनल रायफल असोसिएशनही तेव्हा विधेयकाच्या बाजूने होती.

६/ या घटनेला जुना पूर्वेतिहास होता. यादवी युद्ध संपल्यावर, १८६५ मध्येच, मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या गुलामांना परवान्याविना शस्त्र बाळगण्यास मनाई केली. पुढच्या काळात कायद्यांतून वर्णाचा उल्लेख गेला आणि त्याची जागा अधिकाऱ्याच्या मर्जीने घेतली. परवाना कोणाला द्यावा, हे अधिकारी ठरवू लागला.

७/ या मर्जीचा अर्थ काय, हे १९५६ मध्ये दिसले. ३० जानेवारी रोजी अलाबामातील माँटगोमेरी येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. त्यानंतर किंग यांनी बंदूक बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. जिवाला धोका असल्याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता असणार? तरीही अर्ज नामंजूर झाला. अहिंसेचा हा पुरस्कर्ता पुढे शस्त्रापासून दूर झाला, हा भाग वेगळा.

८/ पुढच्या वीस वर्षांत बाजू पालटल्या. १९७७ मध्ये सिनसिनाटी येथील अधिवेशनात रायफल असोसिएशनच्या कडव्या सभासदांनी जुन्या नेतृत्वाला पदच्युत केले. नेमबाजी आणि शिकार यांपुरती पाहणारी संघटना आता प्रत्येक निर्बंधाला विरोध करू लागली. तिने १९८० मध्ये अध्यक्षपदासाठी रेगन यांना पाठिंबा दिला. १९८६ मध्ये बंदूकधारकांना संरक्षण देणाऱ्या संघराज्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली, ती याच रेगन यांनी.

९/ खरी लढाई मात्र राज्यांच्या विधिमंडळांत झाली. १९८७ मध्ये फ्लोरिडाने नियम बदलला : अर्जदार अटी पूर्ण करत असेल, तर परवाना ‘देता येईल’ असे नव्हे, तर ‘द्यावाच लागेल’. आमदारांकडे यासाठी पाठपुरावा करण्यात मॅरियन हॅमर अग्रभागी होत्या. एकामागून एक राज्यांनी हा नमुना उचलला. आज निम्म्याहून अधिक राज्यांत बंदूक जवळ बाळगण्यास परवानाही लागत नाही.

१०/ २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा मर्जीवर चालणारा परवाना-कायदा रद्द केला. या खटल्यात बंदूकधारकांच्या बाजूने निवेदन देणाऱ्यांमध्ये न्यूयॉर्कमधील गरीब आरोपींचे सरकारी खर्चाने काम करणारे वकीलही होते, त्यांत कृष्णवर्णीय वकिलांची संघटनाही होती. विनापरवाना शस्त्राच्या गुन्ह्यात तुरुंगात जाणारे त्यांचे बहुतेक अशील कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक होते.

११/ अमेरिकेत दरवर्षी ४०,००० हून अधिक लोक बंदुकीने मरतात. त्यामुळे निर्बंध मागणाऱ्यांचे म्हणणे हलके ठरत नाही. परंतु सॅक्रामेंटोचा धडाही तितकाच खरा आहे. बंदुकीच्या हक्काची भाषा १९६७ मध्ये आणि १९८७ मध्ये जवळजवळ एकच होती; ती बोलणारे वेगळे होते. पहिल्यांना बंदी मिळाली, दुसऱ्यांना कायद्याचे संरक्षण. म्हणून असा कोणताही कायदा वाचताना त्यात काय लिहिले आहे याबरोबरच तो कोणाकडे पाहून लिहिला गेला, हेही विचारावे लागते.